दहा सेकंदांचा नमुना

मी संगणकाच्या वस्तू तपासतो. आमच्या शेलूबाजार गावात हे सांगितलं की लोक दुरुस्तीला जुना प्रिंटर घेऊन येतात, म्हणून हल्ली सांगत नाही. गेम खेळणाऱ्यांचे माउस, कीबोर्ड, हेडसेट कंपन्या माझ्याकडे पाठवतात. मी ते पंधरा दिवस वापरतो, मोजमापं घेतो, अहवाल लिहितो, चॅनेलवर व्हिडिओ टाकतो आणि वस्तू परत करतो. परत करणं हा या धंद्यातला पहिला नियम. गावाला वाटतं माझं घर फुकटच्या मालाने भरलंय. घरात माझ्या मालकीचा एकच माउस आहे आणि त्याचं चाक अडकतं.

चॅनेल सुरू झालं ते सुचिताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या आवाजात. मी मोजायचो, ती बोलायची. पहिले नव्वद व्हिडिओ तिचे. माउसचं वजन सांगतानासुद्धा ती असं बोलायची की ज्यांच्याकडे संगणक नाही ते लोकही ऐकत बसायचे. मग पुण्याच्या कंपन्यांची पत्रं यायला लागली आणि मला वाटलं की वऱ्हाडी बोलीत आपण गावठी दिसतो. निदान तिला मी हेच कारण सांगितलं. खरं कारण असं की लोक तिला ओळखत होते आणि मला नाही, आणि ते मला सहन होत नव्हतं. ती भांडली नाही. माइकची तार गुंडाळून तिने माझ्या हातात दिली आणि भाजी निवडायला गेली.

आमचं घर रस्त्यालगत आहे. पुढच्या खोलीत माझं टेबल, बाहेर जीपवाल्यांची हाकाहाक. मागच्या दारी अंगण, आणि त्यापलीकडे बाबांचा, दौलतरावांचा मळा. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. सकाळी दहाच्या सुमारास बाबा मेथीचा भारा आणून टाकतात आणि सुचिता दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यात बसून जुड्या बांधते. उजेड तिथेच चांगला असतो.

जानेवारीत एक हेडसेट आला. काळा, जड, कानावर घट्ट बसणारा. कंपनी नवीन होती, नाव मी आधी ऐकलं नव्हतं. खेळताना मागचा गोंगाट गाळून फक्त खेळणाऱ्याचा आवाज पुढे पाठवतो, अशी त्याची जाहिरात होती. त्यासाठी आधी त्याला खोलीतल्या गोंगाटाचा दहा सेकंदांचा नमुना ऐकवावा लागतो. पडद्यावर एक हिरवं कडं हळूहळू भरतं. त्या दहा सेकंदांत पंखा चालू दे, रस्ता वाजू दे, पण माणसाने बोलायचं नाही. हे मी स्वतः शंभर वेळा प्रेक्षकांना बजावलेलं आहे.

त्या सकाळी सुचिता बोलत होती. मी हात वर करून तिला थांबवलं आणि बटण दाबलं. तिने पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा थांबवलं. तिसऱ्या वेळी मला चीड आली. या खोलीतला नेहमीचा गोंगाट हाच तर आहे, असं मी मनाशी म्हणालो, आणि मला त्याचं हसूही आलं. मी बटण दाबलं आणि ती बोलत असताना कडं पूर्ण भरू दिलं.

तिचं बोलणं संपलं. ती उत्तराची वाट पाहत थांबली.

"हो, पाहू," मी म्हणालो.

निकाल फार चांगला आला. जीपचे हॉर्न थोडे राहिले, पंखा थोडा राहिला, पण सुचिताचा आवाज मुळापासून गेला. ती माइकपासून दोन हातांवर बसून बोलत होती आणि रेकॉर्डिंगमध्ये जुड्यांची नुसती सळसळ होती. पंख्यासारखा एकसुरी आवाज गाळणं सोपं असतं, माणसाचा बदलता आवाज गाळणं अवघड. इथे उलटं झालं होतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी अहवालात त्या रकान्यात दहापैकी दहा गुण लिहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. हेडसेट टेबलावर होता. बाबांनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं.

"दिनेश, सून केव्हाची विचारून राह्यली तुले. जबाब दे ना."

मी सुचिताकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ताटलीत चमचा वाजला तो मला ऐकू आला, बाहेर कुणी गाडीला किक मारत होतं तेही ऐकू आलं. तिचं काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, थट्टा करताय का दोघं? बाबांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

वाशीमला जाऊन कान तपासून घेतले. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून बारीक, जाड, सगळे आवाज ऐकवले. मला सगळे ऐकू आले. कान तरण्या पोरासारखे आहेत, असं डॉक्टर म्हणाले. सुचिता सोबत होती. त्यांनी तिला काहीतरी विचारलं, तिने बराच वेळ उत्तर दिलं, ते मान हलवत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात थोडं ऐकत जा." मला राग आला. एसटीत आम्ही शेजारी बसून आलो आणि मी सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत होतो.

मोजमापावर माझा विश्वास आहे, म्हणून मी मोजलं. आवाजाची पातळी दाखवणारं यंत्र तिच्यासमोर धरलं आणि तिला बोलायला लावलं. आकडा चाळिसावरून साठावर गेला. ती थांबली की खाली आला. म्हणजे खोलीत आवाज होता. मग तिचे जुने व्हिडिओ लावले. एक, दोन, नव्वद. पडद्यावर तिच्या आवाजाच्या लाटा उठत होत्या, खाली लोकांच्या प्रतिक्रिया होत्या की वहिनी किती छान समजावून सांगतात. मला फक्त बटणांची टकटक ऐकू येत होती. नव्वद व्हिडिओंत नव्वद प्रकारची टकटक. मी ते सगळे शेवटपर्यंत पाहिले.

हेडसेटच्या प्रोग्रॅममध्ये 'नमुना ऐका' अशी एक सोय होती. खरं तर मी तिथूनच सुरुवात करायला हवी होती, पण भीती वाटत होती. शेवटी हेडसेट घातला आणि ते बटण दाबलं. सुचिताचा आवाज आला, स्वच्छ, अगदी कानाशी.

"...नागपूरची संस्था हाये, लेकरायसाठी गोष्टी वाचून घेते. त्यायले माहे जुने व्हिडिओ आवडले म्हनते. शनिवारपर्यंत आवाज पाठवा म्हनते. तुमी फक्त एक बार माहा आवाज नीट भरून द्या, दुसरं मले काईच नाई पाह्यजे..."

तिथे दहा सेकंद संपत होते. शनिवार होऊन चार दिवस झाले होते.

मी नमुना पुसून टाकला. यादी रिकामी झाली. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. हेडसेट काढून अंगणात गेलो. सुचिता हौदावर बाबांशी बोलत होती, बाबा हसत होते, आणि मला हौदात पडणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

एक मार्ग उरला होता. गाळलेला आवाज वेगळा ऐकण्याची एक सोय प्रोग्रॅममध्ये असते, तपासणाऱ्यांसाठी. ती चालू केली की हेडसेट काय काय टाकून देतो ते कळतं. मी चालू केली आणि लांब तार घेऊन उंबऱ्याशी बसलो. नमुना पुसलेला होता, तरी तिथे ती होती. तिचं सगळं बोलणं त्या टाकाऊ आवाजात येत होतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जुडी बांधता बांधता विचारलं, "आता काहून रडता?"

त्यानंतर आठवडाभर मी घरात तो हेडसेट घालून वावरलो. लॅपटॉप काखेत, तार गळ्याभोवती. बाबा म्हणाले, "डोक्यावर परिनाम झाला का रे तुह्या?" मी तिला विनवलं की मोबाइलवर लिहून दे, म्हणजे हे नको. तिचा एकच मेसेज आला: "तोंड हाये मले. लिहून कायले देऊ?"

मग एका सकाळी मी तिच्यासमोर बसलो होतो आणि ती कानात बोलत होती. माणूस वाईट नाही, असं ती म्हणत होती. वाईट असता तर सोपं होतं. मी मान वर केली. तिच्या दातांत सुतळी धरलेली होती. ओठ घट्ट मिटलेले होते. तिचा आवाज कानात चालूच राहिला: या माणसाने माझं असं एकच तर होतं ते घेतलं, आणि घेतलं हेसुद्धा त्याला कळलं नाही. अगदी संथ आवाज, कसलाही राग नसलेला. मी कान मोकळे केले. खोलीत पंखा फिरत होता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. कंपनीच्या प्रियदर्शनी मॅडमचा फोन आला तेव्हा मी फक्त म्हणालो की वस्तू अजून काही दिवस हवी आहे. हवं तर विकत घेतो.

"विकायचा नाही हो तो, नमुन्याचा आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या माणसाचा पत्ता लेबलवर लिहून झालाय. उद्या कुरिअरवाला येईल. आणि हो, मागे कोण बोलतंय तुमच्याकडे? आवाज फार गोड आहे."

सुचिता तेव्हा उंबऱ्यात बसली होती. मला काही ऐकू आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी हेडसेट घालून तिला सगळं सांगितलं. दहा सेकंद, हिरवं कडं, मी काय म्हणून हसलो ते. उद्या तो जाणार हेही सांगितलं. तिचे ओठ मिटलेले होते आणि कानातही काही नव्हतं. मी आवाज वाढवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती आपणहून टेबलाशी आली. मला हाताने उठवलं आणि खुर्चीत बसली. हेडसेट तिने स्वतः घातला. पूर्वी घालायची तसाच, आधी केस मागे घेऊन. मला बरं वाटलं.

माउस तिच्या हातात होता. तिने माझ्याकडे पाहून 'बोला' अशी खूण केली.

मी बोललो. चुकलो म्हणालो. चॅनेल तुझं आहे म्हणालो. नागपूरला मी फोन करतो, तुझा आवाज मी भरून देतो, हवं तितक्या वेळा भरून देतो.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. पडद्याकडे पाहत होती.

मी आणखी काही म्हणणार होतो. तिने हात वर केला.

मी टेबलाला वळसा घालून पडद्यासमोर गेलो. हिरवं कडं पूर्ण भरलेलं होतं. खाली लिहिलं होतं, नमुना घेतला.

तिने हेडसेट काढला, तार नीट गुंडाळली, खोक्यात ठेवला, चिकटपट्टी लावली. बाराला कुरिअरवाला आला. सही तिनेच केली.

दुपारी बाबा दारात पाय धूत होते. "त्या नागपूरच्या बाईचा पुन्हा फोन आलता तिले," ते म्हणाले. "वाट पाह्यतो म्हनली. चांगली दिसते बाई."

मी स्वयंपाकघरात गेलो. सुचिता ओट्याशी टेकून बसली होती. समोर पालथ्या डब्यावर मोबाइल, मांडीवर गोष्टींचं पुस्तक. मोबाइलवर लाल ठिपका पेटलेला होता. तिचे ओठ हलत होते, भुवया वर जात होत्या, मधेच ती हसली. गोष्ट विनोदी असावी.

मी दारातून हाक मारली, "सुचिता."

तिने पान उलटलं.

मी तिच्या पाठीमागे जाऊन हाक मारली. मग ओरडलो. बाहेरून बाबांनी विचारलं, "काय झालं रे?" ती वाचत होती. तिचा श्वाससुद्धा अडखळला नाही.

मागे सरताना माझा हात लागून फळीवरचं झाकण खाली पडलं.

ती लगेच थांबली. भरलेलं तिने पुसून टाकलं, उठून झाकण जागेवर ठेवलं, पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडलं आणि सगळं शांत आहे ना ते पाहण्यासाठी क्षणभर कान दिला. मी तिला हाक मारतच होतो. मग तिने वाचायला सुरुवात केली.