ऐंशी दिवसांची बाळंतीण

अदिस अबाबात, शिरो मेदाच्या चढावर हिरुतची जुनी बीटल गाडी रांगत होती, आणि तिच्यामागून एक माणूस भर पावसात चक्क धावत येत होता.

गाडीचा वेग एवढा कमी, की त्यानं तिला सहज गाठलं. काचेवर टकटक केली. हिरुतनं आधी मागच्या सीटवर झोपलेल्या लेकीकडे, बेतेलकडे पाहिलं, मग दाराची कडी लागली आहे ना ते पाहिलं, आणि मग काच दोन बोटं खाली केली.

"काय हो?"

"धूर!" तो धापा टाकत म्हणाला. "निळा धूर! मागून बघणाऱ्याला वाटेल, धूपदान हलवत पाद्रीबाबाच चाललेत पुढं."

"ठाऊक आहे मला."

"आणि… हे इंजिन माझं आहे."

"तुमचं? कागद तर माझ्या नावावर आहेत."

"कागद तुमचे. आवाज माझा." तो हसला, पण ते हसू पावसात लगेच विरलं. "एंदाले माझं नाव. गाशे वोर्कूंच्या गॅरेजमध्ये मीच बांधलं हे, पावसाळ्याआधी. सिलिंडर नवे, पिस्टन नवे, रिंगा नव्या. माझ्या एकट्याच्या हातचं पहिलं इंजिन. ते धूर कसं सोडेल?"

"ते तुम्हीच सांगा. पण लवकर सांगा. रविवारी माझा दादा गावाहून, बाहिर दारहून येतोय. गाडी भंगारात जाणार, आणि आम्ही दोघी त्याच्याबरोबर."

एवढं सगळं एका परक्या माणसाला आपण का सांगितलं, ते तिलाच कळेना. कदाचित… गेल्या तीन वर्षांत तिच्यामागे असं कुणी धावलं नव्हतं म्हणून.

गाडी तिच्या नवऱ्याची, देमिसीची. तो मालट्रक चालवायचा. तीन पावसाळ्यांपूर्वी अबाय नदीच्या दरीत, ओल्या उतारावर त्याचा ट्रक गेला तो गेलाच. आता पाळणाघर टेकडीच्या एका टोकाला आणि हिरुतची औषधांच्या दुकानातली नोकरी दुसऱ्या टोकाला. मध्ये ही गाडी. ती गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की अदिस अबाबातलं हे स्वतःचं, एकटीचं घरही. पण हल्ली गाडीत जळक्या तेलाचा वास भरायचा, बेतेल खोकायची, आणि प्रत्येक खोकल्यासरशी हिरुत पावसातही काच खाली करायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गॅरेजमध्ये गेली.

"धूर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबल्यावर येतो, की उतारावर पाय सोडून पुन्हा दाबल्यावर?" एंदालेनं विचारलं.

"दाबल्यावर. चढाला. उतारावर नाही. आणि आठवड्यात तेल मापाच्या काठीवर बोटभर खाली उतरतं."

"एवढं कोण बघतं?"

"मी बघते. मी सगळंच बघते."

"सगळंच?" त्यानं भुवई उडवली. ती दुसरीकडे पाहू लागली.

त्यानं स्पार्क प्लग काढले, दाब मोजायची घड्याळासारखी तबकडी एकेका भोकाला लावली. काटा प्रत्येक वेळी अर्ध्या वाटेत दमला. मग त्यानं कॉफीच्या तबकातला चमचा उचलला.

"अरे, साखरेचा आहे तो!" कोपऱ्यातून म्हातारे गाशे वोर्कू ओरडले.

"आज तेलाचा, गाशे!"

चमचाभर तेल आत सोडून त्यानं पुन्हा मोजलं. काटा झरझर चढला. एंदालेचा चेहरा मात्र उतरला.

"झडपांचा दोष असता तर तेलानं फरक पडला नसता. दाब रिंगांच्या बाजूनं निसटतोय. म्हणजे… सिलिंडर झिजलेत. चार महिन्यांत."

"तुम्ही बांधलेले."

"मी बांधलेले."

त्यानं पुढं एकही विनोद केला नाही. संध्याकाळपर्यंत इंजिन खाली उतरलं होतं. पहिला सिलिंडर त्यानं उजेडाला धरला, आत बोट फिरवलं, आणि हिरुतला हाक मारली.

"इकडे या. काय दिसतं?"

तिनं वाकून पाहिलं. आतली भिंत लखलखत होती. तिच्यात तिची काळी ओढणी, आणि ओढणीत तिचा लांबुळका, ओढलेला चेहरा.

"मी दिसते."

"तेच तर! दिसायला नको. इथं बारीक आडव्यातिडव्या रेघा हव्यात, तेल धरून ठेवायला. त्या आहेत, पण वर पिवळट काच चढलीय." तो वळला. "खरं सांगा, इथून नेल्यावर गाडी कशी चालवलीत?"

"जशी चालवायची तशी. बाळंतिणीसारखी."

"कशासारखी?"

"आमच्या आळीत सगळे म्हणतात… उघडून बांधलेलं इंजिन म्हणजे ओली बाळंतीण. मुलगा झाला तर चाळीस दिवस जपायची, मुलगी झाली तर ऐंशी. बेतेल गाडीला ताई म्हणते, म्हणून मी ऐंशी पाळले. तीसच्या वर नेली नाही. रोज सकाळी अर्धा तास उभ्या-उभ्या सुरू ठेवायची. शेक मिळावा म्हणून."

गाशे वोर्कू कॉफी सांडेपर्यंत हसले. एंदालेनं कपाळाला हात लावला. हाताचं तेल कपाळाला लागलं.

"अहो, नव्या रिंगांना जोर लागतो! आग मागून रेटते तेव्हा त्या भिंतीला घासतात, एकमेकींची ओळख होते, मग तेल वर येत नाही. तुम्ही इतकं जपलंत, की ओळखच झाली नाही. तेल भिंतीवर भाजून बसलं."

"म्हणजे झिजलं नाही?"

"झिजायला आधी घासावं लागतं!"

हिरुत मागे सरली. "मग चूक माझी."

"नाही." त्याचा आवाज अचानक हळू झाला. "कसं चालवायचं ते सांगायचं काम माझं होतं. तुम्ही गाडी न्यायला आलात, तेव्हा मी शेजारच्या गाडीखाली होतो. तुमचे बूट दिसले. काळे. डाव्याची टाच नव्यानं ठोकलेली. बाहेर यावं, बोलावं, असं खूप वाटलं, पण… अंगभर तेल, आणि तुम्ही अशा सुतकाच्या काळ्या कपड्यांत. आलो नाही."

हिरुतनं खाली पाहिलं. डावी टाच. चार महिने कुणीतरी ती लक्षात ठेवली होती.

पुढचे दोन दिवस त्यानं सिलिंडरांची काच खरवडून पुन्हा रेघा पाडल्या, नव्या रिंगा बसवल्या. शनिवारी सकाळी बेतेलला शेजारणीकडे ठेवून दोघं एंटोटो डोंगराच्या रस्त्याला लागले. रस्ता ओला, निलगिरीची झाडं ठिबकत होती.

"तिसरा गिअर. आता पाय पूर्ण दाब."

त्यानं 'तू' म्हटलेलं तिला कळलं. तिनं पाय दाबला… आणि पहिल्याच वळणाला काढून घेतला. गाडी मंदावली.

"देमिसी असाच… ओल्या रस्त्यावर…"

"तो उतार होता, हिरुत. हा चढ आहे. चढावर गाडी कुणाला घेऊन पळत नाही."

तिनं ओठ आवळले. दाबला. इंजिन घुमलं, आणि गाडीनं डोंगराला खांदा लावला. एंदाले सीटवर उलटा वळून मागच्या काचेतून बघत होता.

"धूर?"

"आहे."

एक वळण. दुसरं. मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका कडेला झाल्या.

"धूर?"

"थोडा…"

गाडी वर ढगात शिरली.

"एंदाले… धूर?"

"नाही." त्याचा आवाज भरून आला होता. "नुसता पाऊस आहे."

माथ्यावर तिनं गाडी वळवून थांबवली. ढगात काहीच दिसत नव्हतं. ज्यासाठी दादा उद्या येणार होता, ते कारण आता उरलं नव्हतं. तरी दादा येणारच होता.

"जाशील तेव्हा भंगारात नको देऊ," तो काचेकडे बघत म्हणाला. "चांगला माणूस बघ. नीट चालवणारा. इंजिन… नीट झालंय आता."

"किती दिवस असं चढावर रेटावं लागतं?"

"रोज थोडं थोडं, आठशे किलोमीटर होईपर्यंत."

"आणि मागं कोण बघणार?"

तो तिच्याकडे वळला. मग अगदी हळू, तेलकट बोटं एकमेकांत गुंतवत म्हणाला, "मी… मी बघेन. आठशेनंतरही."

हिरुतच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. "उद्या दादाला काय सांगू?"

"सांग, बाळंतीण उठली."

ती हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि ते हसू तिला स्वतःलाच परकं वाटलं. तिनं गिअर टाकला. खाली जाऊन पुन्हा तोच चढ चढायचा होता. निघताना आरशात बघायची तिची जुनी सवय. त्या सकाळी तिनं आरशात पाहिलं नाही. मागचं बघायला माणूस होता.