लक्ष कुठं होतं, अपाय?

उघड्या खिडकीतून शिंगराचं तोंड आत आलं आणि त्यानं माझ्या हातातला खडू मटकावला. सातवीचा अख्खा वर्ग खो खो हसायला लागला. मी डोकावून बघितलं, तर बाहेर दोर धरून एक उंच तरुण... गालातल्या गालात हसत उभा!

"माफ करा, अपाय." आम्हा किर्गिझांत शाळेतल्या बाईंना अपाय म्हणतात. "नवीन आहे. शाळा कधी पाहिली नाही त्यानं."

"आणि त्याच्या मालकानं?"

"पाहिलीय की. पण तेव्हा शिकवायला तुम्ही नव्हता..."

धाडकन खिडकी लावून घेतली मी. असल्यांना मी भीक घालत नाही!

पण हा कुबात (नाव मुलांनीच पुरवलं) रोज माझ्या भूगोलाच्या तासाला मागच्या कुरणात शिंगरू फिरवायला हजर. आत-बाशी गावची पोरं ती, घोडा दिसला की पुस्तक गेलं उडत. त्यात मे महिन्यात माझा खुला तास होता. उपमुख्याध्यापिका तुर्सुनाय एजे (एजे म्हणजे ताई) मागे बसून बघणार आणि मी इथं राहते की दुसऱ्या गावी जाते, ते ठरवणार. मला तर इथंच राहायचं होतं.

मी कसली हार मानते! नियम काढला. ज्याचं लक्ष उडेल, त्यानं फळ्याशी येऊन मन कुठं गेलं होतं ते खरं खरं सांगायचं. कुणी हसायचं नाही. कुणाचं मन आजीनं तळलेल्या गरम बोरसोकांकडे गेलेलं असायचं, कुणाचं डोंगरावरच्या मेंढ्यांकडे. मग तिथूनच मी धडा पुढं न्यायची. शिवाय बाकंच फिरवली, मुलांची पाठ खिडकीकडे. वर्ग कसा मुठीत आला!

फक्त... आता खिडकी माझ्या समोर होती. तो शिंगराच्या कानात काहीतरी पुटपुटायचा, टोपी मागे सरकवायचा, आणि मी नकाशावर भलतीकडेच बोट ठेवायची.

शेवटी एकदा मधल्या सुट्टीत तावातावानं बाहेर गेले.

"दुसरीकडे नाही का फिरवता येत?"

"येतं की."

"मग?"

"तिकडे ही खिडकी नाही ना..."

माझे कान असे तापले म्हणून सांगू!

खुल्या तासाला खिडक्या सताड उघड्या होत्या, ओल्या गवताचा वास आत येत होता. मी नारिन नदीची वाट सांगत होते, आणि नेमकी तेव्हाच कुबातनं शिंगरावर पहिल्यांदा मांड टाकली. माझं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

"अपाय," पुढच्या बाकावरची सेझिम उठली, "तुमचं लक्ष उडालं."

मागे तुर्सुनाय एजेंनी चष्मा सारखा केला. थाप मारता आली असती. पण नियम माझा होता. तो आज मीच मोडला असता, तर पुन्हा या मुलांनी माझं का ऐकावं?

मी फळ्याशी ताठ उभी राहिले.

"खिडकीबाहेर गेलं होतं. रोजच जातं. मला... तो माणूस आवडतो."

बाहेर धप्पकन आवाज झाला. कुबात गवतात बसलेला, शिंगरू शेपूट उडवत पसार! आता सगळा वर्ग वळला.

"कुबात आके," सेझिमनं दादाला विचारावं तसं विचारलं, "तुमचं लक्ष कुठं होतं?"

तो कपडे झटकत खिडकीशी आला. टोपी काढली.

"तुमच्या अपायपाशी. तो खडू खाल्ला गेला, तेव्हापासून."

कुणी हसलं नाही. नियमच होता तसा.

"बेगायिम," मागून तुर्सुनाय एजे म्हणाल्या, "मन जिथं गेलं तिथून धडा पुढं जातो ना तुझा? मग ने की."

मी नवा खडू घेतला. शाळेमागच्या कुरणातल्या ओढ्यापासून सुरुवात केली आणि त्याला थेट नारिनपर्यंत पोचवलं. खिडकीवर कोपरं टेकून कुबात शेवटपर्यंत ऐकत होता.

तास सुटल्यावर एजे माझ्याजवळ आल्या.

"पुढच्या वर्षीही सातवी तुझीच. बाकं मात्र आजच्या आज फिरव. खिडकीकडे तुझी पाठ असलेलीच बरी!"