पितरांच्या शनिवारी ऐकणारे

पितरांच्या शनिवारी, मृतांच्या आठवणीच्या दिवशी, नेवेना ग्रंथालय उघडत नसे. त्या सकाळीही तिने कुलूप तेवढं ओढून पाहिलं, फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, कारण थंडीत त्याची बॅटरी झरझर उतरते, आणि लाल वाइनची बाटली व मृतांच्या नावाने वाटायच्या शिजवलेल्या गव्हाचं भांडं घेऊन ती दफनभूमीकडे निघाली. बर्फ वितळून वाटेचा चिखल झाला होता. धुकं इतकं दाट, की चर्चचा घुमट केवळ अंदाजाने ओळखायचा.

ब्रेस्तेवो गावात आता म्हाताऱ्याच उरल्या आहेत. बाकीचं गाव स्पेनला, जर्मनीला पोटामागे गेलं. पितरांच्या थडग्यावर वाइन घालायला त्यांना येता येत नाही. म्हणून नेवेनाने एक रीत पाडली. ग्रंथालयाच्या पेजवर ती दफनभूमीतून लाइव्ह जायची. लांबची माणसं आपल्या मृतांची नावं लिहायची. ती एकेक नाव मोठ्याने वाचायची, त्या थडग्यावर वाइन ओतायची आणि म्हणायची, ‘देव क्षमा करो.’ पाद्री आधी कुरकुरले. पुढे त्यांची बहीणच इटलीहून नावं पाठवू लागली, तेव्हा गप्प बसले.

खरं तर नेवेनाला या फोनची मनातून धास्ती होती. ग्रंथालयात कोण पानं दुमडतं, कोणाच्या बोटांवरचा कांद्याचा वास पुस्तकाला राहतो, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. इथे मात्र आपण बोलत राहायचं आणि पलीकडे कोण ऐकतंय त्याचा पत्ता नाही. उघड्या खिडकीत दिवा लावून बसावं आणि बाहेरच्या काळोखाने आपल्याला निवांत बघत राहावं, तसं तिला वाटायचं.

त्यात आज तिचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा यासेन ट्रक घेऊन आल्प्सच्या घाटात होता आणि बुधवारपासून त्याचा फोन लागत नव्हता. बातम्यांत घाट बंद, हिमकडे कोसळलेले. ट्रकच्या मालकाकडून एकच उत्तर, वाट पाहा. दर वर्षी यासेन लाइव्हवर येऊन आजोबांचं नाव लिहायचा. आज ते नाव दिसलं की तिचा जीव भांड्यात पडणार होता.

दफनभूमीच्या फाटकाशी वेलिका आजी उभी होती. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण जीभ ताठ. ती म्हणाली, "तुझ्या त्या डबीतल्या लोकांना विचार, माझा गहू खायला तोंडं कधी पाठवणार?"

नेवेनाने फोन सुरू केला. नावं येऊ लागली. ती वाचत होती, ओतत होती, पुढच्या क्रूसाकडे सरकत होती. ओल्या मातीचा, मेणबत्त्यांचा आणि वाइनचा वास एकमेकांत मिसळला होता. धुक्यात तिचा आवाज दोन पावलांवर विरून जायचा. बघणाऱ्यांचा आकडा वाढतच होता. एवढी माणसं तर गाव भरलेलं असतानाही गावात नव्हती. पण वाचण्याची एक लय लागली होती. डोळ्यांनी नाव टिपायचं, तोंडाने म्हणायचं, हाताने ओतायचं.

"यासेन स्तोयानोव..." तिने वाचलं. बाटली कलली. "देव क्षमा करो."

वाइन मातीत जिरली, तेव्हा तिला कळलं आपण काय म्हटलं ते.

मागोमाग आलेल्या वेलिका आजीने मेणबत्ती मातीत रोवली. "पोरी... जित्या माणसाला वाइन घातलीस?"

आजीने बाटली नेवेनाच्या हातातून काढून घेतली, अपशकुन टळावा म्हणून बाजूला थुंकली आणि हळूच म्हणाली, "परत घे ते नाव. त्यांच्यासमोरच घे."

"यासेन जिवंत आहे," नेवेना फोनकडे बघून म्हणाली. "माझा मुलगा... जिवंत आहे."

येणारी नावं एकदम थांबली. आकडा तेवढाच राहिला. कोणी गेलं नाही, कोणी काही लिहिलं नाही. सगळे नुसते ऐकत असावेत. मग बॅटरी संपली आणि स्क्रीन काळी झाली.

आजी तिला दंडाला धरून ग्रंथालयात घेऊन आली. शेगडी पेटवली, फोन चार्जिंगला लावला. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या. दुपार कलताना तो वाजला. अनोळखी नंबर होता.

यासेनच होता. फोन बुधवारीच पाण्यात पडून बाद झाला, आता दुसऱ्या ड्रायव्हरचा मागून घेतलाय, असं तो सांगत होता. सकाळी घाट थोडा वेळ उघडला, हा निघाला, आणि एका वळणाआधी केबिनमध्ये लाल वाइनचा वास असा दाटला, की कुठे बाटली फुटली म्हणून त्याने गाडी थांबवली. तेवढ्यात समोरचा रस्ता बर्फाने पोटात घेतला.

"पण वाइन नव्हती गं आई गाडीत," तो म्हणाला. "तुझी शपथ."

नेवेना रडली, हसली, त्याला ओरडली. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं, यासेनचा फोन तर बुधवारपासून बंद होता. मग ते नाव लिहिलं कोणी?

सकाळचा व्हिडिओ पेजवर होता. तिने लावला. नावाखाली नाव दिसत होतं, यासेनचं मात्र कुठेच नव्हतं. आणि आवाज... तिने फोन कानाजवळ नेला. तिच्या प्रत्येक ‘देव क्षमा करो’ मागोमाग धुक्यातून आणखी कोणीतरी तेच म्हणत होतं. एक-दोघं नव्हे. बाया, पुरुष, पोरं. भरल्या चर्चमध्ये उठतो तसा खोल, संथ घोष. नेवेनाला भीती वाटायला हवी होती. पण तिचा हात आपसूक छातीशी गेला आणि तिने क्रूसाची खूण केली.

व्हिडिओत तिच्या तोंडून यासेनचं नाव आलं. त्यानंतर घोष उठला नाही. मग अगदी फोनजवळ एक घोगरा पुरुषी आवाज म्हणाला, "हा नाही." जरा थांबून, "वेलिका..."

"पुन्हा लाव," आजी म्हणाली.

नेवेनाने पुन्हा लावलं.

"माझा नवरा, मिंचोच तो. जाऊन इतकी वर्षं झाली, घसा अजून बसलेलाच."

"आजी, मी पुसून टाकते हे..."

"खबरदार." आजीने डोक्याचा रुमाल सोडला, केस सारखे केले आणि तो नीट गाठ मारून बांधला. तिचा चेहरा उजळला होता. "आमच्या लग्नातसुद्धा उशिरा आला होता मेला. सगळा जन्म मला वाट बघायला लावली, आणि आता स्वतः हाका मारतोय."

नेवेनाने तिला अडवायला हवं होतं. पण पोराचा आवाज अजून कानात होता, आणि ती खुर्चीतून उठली नाही. दार लागलं.

तिने खिडकीची काच बाहीने पुसली. धुक्यातून आजी एकटीच चालली होती, कोणाला तरी दटावत, एक कोपर दुसऱ्याच्या हातात गुंतवावा तसं वाकवून. रस्त्यातलं डबकं तिने वळसा घालून टाळलं.

डबक्यातलं पाणी मात्र हललं.