डोलीतली मेंढी

"बिळं मी दाखवणार, आत हात कान्हा घालणार आणि खेकडे भाजून खाणार आपण तिघं!" उमेशनं दिवाळीच्या सुट्टीतला पहिला बेत जाहीर केला.

"हात मीच का घालायचा?" कान्हानं विचारलं.

"तुझा हात बारीक आहे ना! माझा अडकला तर सुट्टीभर ओहोळातच बसावं लागेल."

"बस की! घरी तरी तू कुणाला हवायस?"

हिरी खुदकन हसली. कान्हा तिचा धाकटा भाऊ, तर उमेश शेजारचा आणि तिच्याच वर्गातला. तिघंही कालच आश्रमशाळेतून साखरशेतच्या आपल्या पाड्यावर आले होते. शाळेतली पातळ आमटी खाऊन खाऊन जिभेची चवच गेली होती. खेकडे म्हणजे चैनच! पण ओहोळापर्यंत जाणं त्यांच्या नशिबात नव्हतं. खालच्या शेतातून असा आरडाओरडा ऐकू आला, की तिघांचे पाय आपसूक तिकडे वळले.

शेत हिरीच्याच घरचं. भात कापून झालं की दरवर्षी धोंडीबाई आपली मेंढरं घेऊन घाटावरून खाली उतरायची आणि या शेतात बसवायची. लेंड्यांचं खत शेताला आणि भात-नागली धोंडीबाईला, असा जुना व्यवहार. हिरीची आई भागी आणि धोंडीबाई यांचं इतकं गूळपीठ, की परक्याला त्या सख्ख्या बहिणीच वाटाव्यात. आणि आज तीच धोंडीबाई कमरेला पदर खोचून आईवर कडाडत होती!

"मागल्या वर्साला तू ती कुड्याची साल उकळून पाजलीस, भागे! म्या इस्वासानं पाजू दिली! आन् आता बघ, माझी मेंढरं हाडाचा सापळा झाल्याती. दोन तर वाटंतच गेली!"

"बाय, हगवण लागली होती त्यांना, म्हणून दिली. आमी आमच्या पोरांना पण देतो ती साल," आई कशीबशी म्हणाली.

बाजूला मोटारसायकलला रेलून तुळशीदास उभा होता. हा गुरांच्या औषधांची पिशवी घेऊन पाड्यापाड्यांवर फिरायचा. बैल लंगडला तरी जंत, कोंबडी शिंकली तरी जंत! "मी तीनदा जंताचं औषध दिलं," तो मान हलवत म्हणाला. "तरी गुण नाही! याचा अर्थ एकच. सालीनं आतडी जळालीत."

"उंद्याच्याला मेंढरं उठवती म्या," धोंडीबाई म्हणाली. "दुसऱ्या गावात बसवीन, पर ह्या शेतात न्हाई!"

पाड्यातली माणसं गोळा झाली होती. कुणाचंही पोट दुखलं, ताप आला, की ती आईकडेच यायची. पण आज कुणी तिच्या बाजूनं चकार शब्द काढेना. हौशीकाकूनं तर सकाळीच आईकडून नेलेला काढा घरातून आणून सगळ्यांच्या देखत बांधाच्या कडेला ओतून दिला. तिला हौशीकाकूचा राग आला, तुळशीदासचा आला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिच्या मनात एक भलताच विचार येऊन गेला. खरंच आईचं चुकलं असेल तर?

या विचाराची तिची तिलाच लाज वाटली. "खेकडे गेले खड्ड्यात!" ती म्हणाली. "हे काय आहे ते शोधायचं!"

"शोधायचं काय त्यात? ओहोळाचं पाणी बिघडलंय," उमेश म्हणाला.

"तेच पाणी आपण पितो की रे!"

"मग गवतात काहीतरी असेल."

"तेच गवत खाऊन बाकीची मेंढरं धडधाकट आहेत की!"

"मग भूत!" कान्हानं ठासून सांगितलं, आणि दोघांनी त्याच्या डोक्यात एकेक टपली मारली.

धोंडीबाईचा राग पोरांवर नव्हता. ती मेंढरं माळावर घेऊन निघाली, तसे तिघं तिच्या मागून गेले. मोरी नावाची मेंढी सगळ्यात खंगलेली होती. लोकर झडलेली, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. अशी मेंढी एका जागी मलूल उभी राहील असंच कुणालाही वाटलं असतं. पण छे! ती अधाशासारखी चरत होती. मान वर करायला तिला सवड नव्हती.

"ही तर उमेशसारखी खाते!" कान्हा म्हणाला.

"आणि तुझ्यासारखी दिसते!"

"गप्प बसा रे! एवढं खाते, मग जातं कुठं?" हिरीला काही उमगेना. ती धोंडीबाईजवळ गेली. "मावशी, साल कोणाकोणाला पाजली होती?"

"मोरीला पाजली. त्या कबरीला पाजली."

कबरी? तिघं बघतच राहिले. कबरी चांगली गुबगुबीत होती, चालताना डुलत होती!

"आणि ती? जबड्याखाली सूज आलीय ती?"

"तिला न्हाई. तवा धडधाकट व्हती ती. कशाला पाजीन?"

"म्हणजे प्यालेली कबरी जाडजूड, आणि न प्यालेली ही वाळलेली! मावशी, मग सालीचा काय दोष?" हिरी जवळजवळ ओरडलीच.

धोंडीबाई गोंधळली, पण क्षणभरच. "कबरी दणकट हाय, तिनं पचवली आसंल. आन् माझ्याच नशिबी का गं ह्ये? जाताती त्या समद्या माझ्या लाडाच्या! हातानं पाला चारून वाढवल्याल्या. जिच्यावर जीव लावावा, तीच खंगती बघ." तिनं पदर डोळ्यांना लावला.

झालं! आता तर डोक्याचा पार भुगा झाला. रोगाला कसं कळतं, कोणती मेंढी लाडकी आणि कोणती नाही? कान्हाचं भूत बरं म्हणायची पाळी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरी मेली.

"दरीत फेका!" तुळशीदास मोटारसायकलवरूनच ओरडला. "आतडी जळालीत, मी म्हणालो नव्हतो?"

हिरीच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. आतडी जळाली असतील, तर पोट उघडल्यावर ती दिसतील की! आणि दिसली नाहीत तर? आज फाट्यावर बाजार. बाजाराच्या दिवशी जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी तिथं उभी असते. तिनं उमेशला कोपरानं ढोसलं. "आम्ही टाकून येतो, मावशी!" ती म्हणाली.

"टाका बाबांनो. माझ्यानं न्हाई बघवत."

तिघांनी मोरीला खताच्या रिकाम्या गोण्यांत गुंडाळलं. पण न्यायची कशी? फाट्यापर्यंत नुसती पायवाट, मोटारसायकल कशीबशी जाईल एवढीच. उमेशनं घरातून चादर आणि बांबू आणला. पाड्यावरचं आजारी माणूस फाट्याला न्यायचं तर डोलीतूनच न्यायचं. ती कशी बांधायची हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुढे हिरी, मागे उमेश, आणि खांदा दुखला की पाळी कान्हाची.

"एवढी वाळलेली, तरी केवढी जड!" उमेश धापा टाकत होता.

अर्धी वाट सरली आणि वळणावर नेमकी तीच मोटारसायकल! तुळशीदासनं गाडी थांबवली, पण तो खाली काही उतरला नाही. "कोण आहे रे डोलीत?"

उमेशची बोबडी वळली. "म... म्हातारी आहे," कान्हा म्हणाला. "पोट बिघडलंय! खूप खाते, पण वाळत चाललीय!"

"हात्तिच्या! जंत असणार!" तुळशीदासनं पिशवीत हात घालून दोन गोळ्या काढल्या आणि कान्हाच्या हातावर टेकवल्या. "माणूस काय, जनावर काय, पोट बिघडलं की जंत. एक आत्ता द्या, एक संध्याकाळी. आठवड्यात पळायला लागेल!" आणि फटफट करत तो निघूनही गेला.

तिघांनी डोली खाली ठेवली आणि पोट धरून हसत सुटले. हसता हसता हिरी एकाएकी थांबली. चादर वर करून बघायचेही कष्ट न घेणाऱ्या या माणसाच्या एका वाक्यावर अख्ख्या पाड्यानं आईला गुन्हेगार ठरवलं होतं! तिनं दात-ओठ खाऊन बांबू खांद्यावर घेतला.

फाट्यावर डॉक्टर चंदना दवाखान्याच्या गाडीच्या सावलीत चहा पीत होत्या. डोली बघून त्या धावल्याच. "अगं, माणसांचा दवाखाना पुढं आहे!"

"माणूस नाही मॅडम, मेंढी आहे," हिरी म्हणाली. "आणि मेली आहे. तुम्ही फक्त एवढंच सांगा, हिची आतडी औषधानं जळालीत का? माझ्या आईवर आळ आलाय हो!"

डॉक्टरांना हसू आलं होतं, ते मावळलं. "आधी तिघंही साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. मेलेल्या जनावराला असा हात लावायचा नसतो, कळलं? आणि लांब उभे राहा."

हातमोजे घालून त्यांनी मोरीचं पोट उघडलं. कान्हानं दोन्ही डोळे मिटले, मग एक हळूच उघडला. डॉक्टरांनी आतडं टोकापर्यंत चाचपून पाहिलं. शेवटी त्यांनी हिरीला खुणेनं बोलावलं.

"जळाल्याची खूण कुठंच नाही. जंतही नाहीत. पण हे बघ. लहान आतड्याचा हा शेवटचा भाग पातळ असायला हवा. हा केवढा जाड झालाय! आणि आतून बघ कशा वळ्या पडल्यात."

"म्हणजे काय?"

"जोन्सचा रोग असावा. सूक्ष्म जंतूंचा असतो. ते आतड्यात ठाण मांडतात, आतडं जाड होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मेंढी पोटभर खाते आणि तरी उपाशी मरते! पण नुसतं बघून शपथ घेणार नाही मी. याचा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघते. परवा पाड्यावर येते. तोवर मेंढरं हलवायची नाहीत, नाहीतर दुसऱ्या गावात रोग जाईल."

परतल्यावर हिरीनं धोंडीबाईला सगळं खरं खरं सांगितलं. मोरीला चिरलं हे ऐकून ती आधी भडकली, मग रडली. "डाक्टरीन येनार म्हनती? बरं. परवापत्तूर ऱ्हाती," ती म्हणाली. आईनं हिरीला जवळ घेतलं. घरात दोन दिवस तिचा आवाजच नव्हता.

ठरल्याप्रमाणे डॉक्टर चंदना फाट्यापासून चालत आल्या. अख्खा पाडा शेतात जमला. तुळशीदासही होताच.

"जोन्सचाच रोग आहे," डॉक्टर म्हणाल्या. "काचेवर लाल काड्यांसारखे जंतू दिसले, घोळक्यानं. आणि नीट ऐका. हा रोग मेंढीला लागतो ती कोकरू असताना, आणि उमटतो दोन-तीन वर्षांनी. मागच्या वर्षीच्या औषधानं तो होऊच शकत नाही. कुड्याच्या सालीनं तो बराही होत नाही, पण तो दोष भागीताईंचा नव्हे. या रोगावर औषधच नाही!"

हिरीच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण डोक्यातला गुंता काही सुटेना. "मॅडम, मग मावशीच्या लाडाच्याच मेंढ्या का खंगतात?"

"लाडाच्या?" आता गोंधळायची पाळी डॉक्टरांची होती. "रोग लागतो तो आजारी मेंढीच्या लेंड्यांतून आणि दुधातून. त्यात लाडाचा काय संबंध?"

हिरीनं इकडे तिकडे पाहिलं. धोंडीबाईच्या चुलीजवळ जाळीचा छोटा गोल होता, कोकरांची वाघर. आत गोजिरवाणी कोकरं उड्या मारत होती. आणि त्यांच्या मधोमध, खास तोडून आणलेल्या पाल्यावर, ती जबड्याखाली सुजलेली मेंढी बसली होती. तिच्या पातळ लेंडीनं पाला बरबटला होता आणि एक कोकरू तोच पाला चघळत होतं.

"मावशी!" हिरीचा आवाज चिरकला. "मोरी लहान असताना कुठं असायची?"

"हितंच की. माय मेली व्हती तिची. बारकी आन् आजारी चुलीपाशी ठेवायची, ही आमची रीतच हाय. ऊब लागती, बिबट्याचं भ्या न्हाई, डोळ्याम्होरं ऱ्हात्यात."

"बारकी आणि आजारी, एकाच वाघरीत?"

"मंग! दोगांचीबी काळजी घ्याया नगं?"

"आणि कबरी?"

"कबरी तिच्या आईसंगं रानात वाढली. तिचं कुटं लाड केले म्या..." धोंडीबाईचं वाक्य अर्धवटच राहिलं. डॉक्टर हिरीकडे बघत होत्या.

"म्हंजी म्याच?" धोंडीबाई मटकन खाली बसली. "ज्येंच्यावर जीव लावला, त्येंनाच म्या रोगाच्या तोंडी दिलं? आन् आळ घातला भागीवर!"

आई पुढे झाली आणि तिच्या शेजारी भुईवर बसली. "माया करताना कोण इचार करतं, बाय? तुला ठावं असतं तर तू असं केलं असतंस काय?"

धोंडीबाई तिच्या गळ्यात पडून रडली. हौशीकाकूलाही आपल्या पायाची नखं बघण्यासारखी वाटायला लागली.

"पण जंतही असतीलच की थोडेफार," तुळशीदास पुटपुटला.

"असतील ना!" कान्हानं खिशातून गोळ्या काढल्या. "परवा डोलीत मोरीच होती, काका! मेलेल्या मेंढीला गोळ्या दिल्यात तुम्ही. आठवड्यात पळायला लागेल म्हणालात!"

असा हशा पिकला की मेंढरं बुजली! तुळशीदासनं काढता पाय घेतला. "बघितल्याशिवाय औषध देत जाऊ नका!" डॉक्टरांनी मागून बजावलं. मग त्या मुलांकडे वळल्या. "मी रोग ओळखला, पण तो येतो कुठून, हे या पोरीनं हुडकलं. आता खंगलेल्या मेंढ्या वेगळ्या काढू, बाकीच्यांची तपासणी करू. पाड्यातली करडंही या शेतात सोडू नका, शेळ्यांनाही हा रोग लागतो."

"शिकायला धाडली ती फुकट नाय गेली पोरं!" म्हातारे ढवळूबाबा म्हणाले आणि त्यांनी उमेशच्या पाठीवर अशी थाप मारली, की तो दोन पावलं पुढे गेला.

धोंडीबाई उठली. डोळे पुसून सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बारक्यांची वाघर आता नव्या जागंवर घालाया पायजे. कुटं घालायची, त्ये भागी सांगंल. तिच्या सबुदाबिगर माझ्या कोकरांना कुनी पालासुदिक घालायचा न्हाई!"

सगळे आईकडे बघायला लागले. आई हळूच उभी राहिली. वरच्या बांधाकडे गेली, जिथं अजून एकही मेंढी बसली नव्हती. तिनं वाकून माती हातात घेतली, ती कोरडी आहे ना ते पाहिलं, आणि मग एकदम वळली.

"अरे, बघत काय उभी राह्यलात?" तिचा खणखणीत आवाज सगळ्या शेतात घुमला. "उमेश, मेखा आण! कान्हा, पाला तोड, वरच्या अंगाच्या झाडांचा! आणि हौशे, तू ये इकडं, जाळीचं ते टोक धर!"

आणि हौशीकाकू मुकाट्यानं आली.