चार सुरांची तबकडी

अमरदीप भगतांनी आणलेला पुठ्ठ्याचा खोका अनुपने टेबलावर ठेवला, तेव्हा आत काहीतरी खळखळलं. त्या आवाजासरशी भगतांनी डोळे मिटून घेतले.

“तुमीच उघडा,” ते म्हणाले. “माझ्याच्यानं होत नाही.”

आदिलाबादच्या बसस्थानकासमोर, झेरॉक्सच्या दुकानावरची ती खोली मे महिन्याच्या उन्हानं तापली होती. वीज गेलेली. प्रगती नगराळे जुन्या कॅलेंडरनं वारा घेत होती. खासगी चौकशीच्या धंद्यात तिचे केस पिकले होते. रहस्यं क्वचितच यायची; लग्नाआधी मुलाचं व्यसन शोधून काढणं, हेच बहुतेक काम. आपण आणलेल्या बातमीनं आजवर कोणाचंच भलं झालं नाही, असं ती अलीकडे वरचेवर म्हणायची. अनुप तिचा मावसभाऊ, शाळेतून निवृत्त झालेला कारकून. तो तिची गाडी चालवायचा, आणि तिला बोलायला एक माणूस असायचा.

त्यानं खोका उघडला. आत काळ्या तबकडीचे तुकडे होते, आणि एक जुनं, रिकामं कव्हर. कव्हरवर चार तरुण चेहरे.

“हे माझे वडील, चंपत,” भगत बोट ठेवत म्हणाले. “ह्या ताराबाई, ह्या मनकर्णा, ह्या चंपाबाई. चौघंही मास्तर. पेटी नाही, तबला नाही, नुसते चार गळे आणि चौघांचे चार सूर. हैदराबादला त्यांची ही एकच लाँगप्ले निघाली. दुसरी प्रत मले आजवर कुठं दिसली नाही.”

“चौघांपैकी आता कोण आहे?”

“चंपाबाई. तलमडुगुला राहतात. ताराबाई पुढं कार्यक्रमात एकटीनं गायला लागल्या, नाव झालं; पण रेकॉर्डिंग तेवढं हेच. त्यांचा मुलगा सुरेंद्र मंचेरियलला खाणीच्या ऑफिसात इंजिनियर आहे. तबकडीवर चारी घरांचा सारखाच हक्क. तो सोमवारी न्यायला आला, अन् हे असं. म्हणतो, तूच फोडली. म्हणतो, आता कोर्टात भेटू. लहानपणापासून आमी भावासारखे, मॅडम.”

“तबकडी कशासाठी हवी होती त्याला?”

भगतांनी घाम पुसला. “आता कॉम्प्युटरवर आवाज वेगळे करता येतात म्हणे. तो आईचा तेवढा आवाज काढून घेणार, त्याला नवं संगीत लावणार. बाकीचे तीन पुसून टाकणार.”

“त्यात तुमचे वडीलही पुसले जाणार होते.”

“होय. म्हणूनच तो मले चोर समजून राह्यला.”

“तुकडे तुम्ही स्वतः पाहिलेत?”

“नाही. सोमवारी सकाळी रश्मीला, माझ्या बायकोला, कपाटाखाली सापडले. मी येईपर्यंत तिनं खोक्यात भरले होते. मंग उघडायची हिंमत झाली नाही.”

ते गेल्यावर अनुपनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर कव्हर ठेवलं आणि कव्हरवर तुकडे जुळवू लागला. गुडघे कुरकुरत होते, पण काम त्याच्या आवडीचं होतं. बऱ्याच वेळानं गोल जमला. मधला, लेबलाचा भाग मात्र नव्हता. आणि चारी बाजूंनी कव्हर दीड-दोन बोटं रिकामं राहिलं.

“कडेचे तुकडे हरवलेत,” तो म्हणाला.

प्रगती वाकली. तिनं तुकड्यांच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं. कड सगळीकडून गोल, गुळगुळीत होती. एक तुकडा तिनं उभा धरला. तो चांगलाच जाड होता. तिनं तो परत जागेवर ठेवला.

*

भगतांच्या घरी बाहेरच्या खोलीत तबकडी वाजवायचं यंत्र होतं, आतल्या खोलीत तबकड्यांचं कपाट. देशोदेशीचे, तीन-तीन, चार-चार गळ्यांचे गायकसंच तिथं उभे रांगेत लावलेले. दर रविवारी दुपारी माणसं ऐकायला यायची. मोबाइलवर हवं ते ऐकायला मिळत असताना लोक इथं कशाला येतात, असं अनुपनं विचारलं.

“मोबाइलवर माणूस एकटा ऐकतो,” रश्मीताई म्हणाल्या. “इथं बाजू संपली की कोणीतरी उठून ती पालटावी लागते. तोवर सगळे गप्प. त्या गप्प बसण्यासाठीच येतात, असं मले वाटते. माझं मात्र चहा करू करू कंबरडं मोडते.”

“गेल्या रविवारी कोण आलं होतं?”

“ऊन्ह केवढं होतं! दोघीच आल्या. सुनयना मॅडम अन् चंपाबाई. चंपाबाई बसनं आल्या, थकल्या होत्या, आतल्या खोलीत जरा आडव्या झाल्या. सुनयना मॅडम ऐकलेल्या तबकड्या आत ठेवून आल्या.”

“हातात काय होतं दोघींच्या?”

“मॅडमच्या हातात स्कूटीची किल्ली अन् मोबाइल. चंपाबाईंनी ज्वारीचे पापड आणले, नेहमीसारखे मोठ्या ताटात, फडक्यात बांधून. आतल्या खोलीतच पापड डब्यात काढून दिले अन् ताट घेऊन गेल्या. एरवी ताट इथंच सोडतात, पुढल्या खेपेला नेतात.”

“फुटल्याचा आवाज?”

रश्मीताई विचारात पडल्या. “नाही बा. त्या गेल्यावर आमी दोघं घरातच होतो. भांडं पडलं तरी ऐकू येते इथं.”

प्रगतीनं यंत्राकडे पाहिलं. “ह्याच्यावर जुन्या, चावीच्या यंत्राच्या तबकड्या वाजतात?”

“नाही. यांना त्या आवडतच नाहीत. घरात एक नाही.”

सुनयना मॅडम कॉलेजात शिकवायच्या. माहेर भैंशाचं, कापसाच्या व्यापाऱ्यांचं. प्रश्न ऐकताच त्या तडकल्या.

“सुरेंद्रचं ते करणं मला मुळीच पटलं नव्हतं, आणि मी त्याला तोंडावर सांगितलं. पण म्हणून तबकडी फोडीन?”

“रश्मीताई म्हणत होत्या, तुमच्या माहेरी जुन्या तबकड्या होत्या.”

“आजोबांच्या. मागच्या वर्षी यंत्रासकट देऊन टाकल्या. वापरणारं माणूस भेटलं, बरं वाटलं.”

कोणाला, ते विचारायला अनुपनं तोंड उघडलं, तोच तास सुरू झाल्याची घंटा झाली आणि त्या निघून गेल्या. प्रगतीनं त्यांना थांबवलं नाही.

सुरेंद्र फोनवरच भेटला. आवाज चिडका, पण त्याखाली थकवा. “मी कोणापासून काही लपवलं नाही, मॅडम. चंपामावशीलासुद्धा तलमडुगुला जाऊन सांगितलं. ती नुसतं ‘बरं’ म्हणाली. अमरदीपलाच पोटदुखी झाली.”

*

तलमडुगुच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापसाची रानं वेचणी संपून उलंगून पडली होती. चंपाबाई मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ऐंशीच्या घरातल्या, पण पाठ ताठ. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा. कोपऱ्यात स्टुलावर, भरतकामाच्या रुमालाखाली काहीतरी चौकोनी होतं; बाजूनं पितळी चावी डोकावत होती.

“वाईट झालं, बाई,” अनुप म्हणाला.

“हं.” त्यांनी रिकामा कप उचलला. मग म्हणाल्या, “कव्हर तरी धड आहे ना? फाटलं तर नाही?”

“धड आहे,” प्रगती म्हणाली. “माझ्याकडे आहे.”

“नीट ठेवजा.”

परतताना प्रगतीनं गाडीची काच खाली केली आणि बराच वेळ गरम वारा तोंडावर घेतला.

“अनुपदादा, उद्या सगळ्यांना चंपाबाईंकडंच बोलावू. अमरदीप, रश्मीताई, सुनयना, सुरेंद्र.”

“म्हणजे कळलं तुला?”

“कळलं. आनंद काही झाला नाही.”

*

दुसऱ्या दिवशी चंपाबाईंच्या अंगणात, निंबाखाली सगळे बसले. सुरेंद्र भगतांकडे पाठ करून बसला होता. प्रगतीनं खोका मधोमध ठेवला.

“अमरदीपजी, आता बघा.”

भगतांनी एक तुकडा उचलला आणि त्यांचा चेहरा पालटला. “ही... ही लाँगप्ले नाही! ही चावीच्या यंत्राची तबकडी आहे. लाखेची.”

“तुम्ही पहिल्याच दिवशी खोका उघडला असता, तर माझी गरज नव्हती. लाँगप्ले प्लास्टिकची; ती कपाटातून पडली तरी अशी काचेसारखी फुटत नाही. लाखेची फुटते. ती जाड असते, आकारानंही लहान. अनुपदादांनी गोल जुळवला, तो कव्हरपेक्षा लहान भरला. त्यांना वाटलं, कडेचे तुकडे हरवले. पण कड तर शाबूत होती. हरवला होता फक्त लेबलाचा तुकडा, कारण लेबलावर दुसऱ्याच गाण्याचं नाव होतं.”

“मग आमची तबकडी?” सुरेंद्र वळला.

“न फुटता बाहेर गेली. आता पुढचं. त्या घरात लाखेची एकही तबकडी नव्हती, म्हणजे ती बाहेरून आली. फुटल्याचा आवाज कोणी ऐकला नाही, म्हणजे ती फोडूनच आणली होती. रविवारी बाहेरून दोघीच आल्या. सुनयना मॅडमच्या हातात किल्ली आणि मोबाइल. त्यात ना तुकडे मावतात, ना तबकडी. दुसऱ्या बाईंकडे मोठं ताट होतं, फडक्यात बांधलेलं. पापडांखाली तुकडे आले आणि त्याच फडक्यात तबकडी गेली. म्हणून त्या दिवशी ताट मागं राहिलं नाही.”

रश्मीताईंनी तोंडावर हात ठेवला. सुनयना मॅडमनी मान खाली घातली. “यंत्र मी यांनाच दिलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या.

“आणि काल,” प्रगतीचा आवाज उतरला, “सगळे तबकडीसाठी हळहळत असताना बाईंनी एकच चौकशी केली. कव्हर धड आहे ना? फुटलेल्या तबकडीला कव्हर कशाला लागतं?”

चंपाबाई उठल्या. घरात गेल्या आणि मऊ लुगड्यात गुंडाळलेली तबकडी घेऊन आल्या. ती त्यांनी सुरेंद्रच्या मांडीवर ठेवली.

“अमरदीपवर आळ येईल, हे माझ्या ध्यानात आलं नाही,” त्या म्हणाल्या. “फुटली म्हटलं की लोक दोन दिवस हळहळतील अन् विसरतील, असं वाटलं. ने बाबा. आता राखत बसायचं बळ नाही राह्यलं.”

“पण मावशी, काऊन?” राग कुठं ठेवावा हे सुरेंद्रला कळत नव्हतं. “आईचा आवाज मी जपूनच ठेवणार होतो ना!”

“तारेला दम पुरत नव्हता, पोरा. लहानपणी छातीचं दुखणं झालतं तिला. ती जिथं श्वास घ्यायची, तिथं आमी तिघं सूर धरून ठेवायचो. ऐकणाऱ्याला कधी कळू दिलं नाही. पुढं एकटी गायली, तेव्हा दमाला झेपतील तशीच गाणी निवडायची. तू तिला एकटी काढशील, तर जागोजाग भोकं दिसतील. जग म्हणंल, हिला दम नव्हता. ते मले कसं चालंल?”

सुरेंद्र तबकडीकडे पाहत राहिला.

“मले तिचा आवाज पायजे होता,” तो शेवटी म्हणाला. “ती सदा कार्यक्रमाला. घरात ती कधी गायलीच नाही.”

अनुपला एकदम काहीतरी सुचलं. “बाई, तुम्ही इतके दिवस ऐकली असेल ही?”

“कशावर ऐकू? माझ्या यंत्राची सुई लावली तर सोलून काढंल तिला.” त्या हसल्या. “नुसती उघडून पाह्यची अन् ठेवून द्यायची.”

प्रगती उठली. “चला, गाडीत बसा सगळे.”

दोन गाड्या आदिलाबादला भगतांच्या घरी आल्या. भगतांनी तबकडी पुसली, यंत्रावर ठेवली, सुई टेकवली. आधी नुसती खरखर. मग पेरणीचं एक गाणं, चार गळ्यांतून निघालेलं आणि तरी एकाच माणसाचं वाटणारं. ताराबाईंचा आवाज वर चढत गेला आणि एका जागी अलगद थांबला. खालून तिघांनी तो सूर उचलून धरला. मग ताराबाई पुन्हा आल्या.

सुरेंद्रनं ते ऐकलं. ओठ दाबून तो पुढं सरकला.

दुसऱ्या कडव्याला त्यानं हात वर केला. भगतांनी सुई उचलली.

“मावशी, हा सगळ्यात खालचा, जाडा आवाज... तुमचा?”

“होय.”

“लहानपणी अमरदीपच्या घरी ही वाजायची तेव्हा मले वाटायचं, यंत्रच घुमून राह्यलं.”

चंपाबाई खळखळून हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सुरेंद्र उठून बाहेर ओसरीवर गेला. त्यानं हैदराबादला, आवाज वेगळे करून देणाऱ्या स्टुडिओत फोन लावला. आतपर्यंत त्याचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. नाही, काढायचा नाही. खरखर साफ करा. चौघं राहू द्या. हो, चौघं.

तो परत येऊन बसला तो भगतांच्या शेजारी. भगतांनी त्याच्याकडे पाहिलं नाही; फक्त पाय आवरून त्याला जागा करून दिली. खुर्चीत प्रगतीला डुलकी लागली होती. तिला उठवावं की नाही, हे अनुपला ठरवता येईना.

“मंग?” चंपाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “पुढचं लाव ना, अमरदीप. थांबला काऊन?”