पायाला लागलेली वाळू

पायलच्या पायाच्या बोटांत वाळू सापडली, आणि सविताच्या हातातला ओला पंचा तिथल्या तिथे थबकला...!

पॉलीहाऊसमध्ये गुलाबाच्या काट्यांनी ओरबाडलेले हात घेऊन ती रोज संध्याकाळी घरी यायची आणि चहाचा घोट घेण्याआधी लेकीचे पाय पुसायला बसायची. पुसायची कसली, तपासायचीच! पोरगी पाच वर्षांची झाली, तरी तळवे तान्ह्या बाळासारखे मऊ होते, कारण त्या तळव्यांना कधी माती म्हणून लागू दिलेली नव्हती. आज मात्र टाचेला थोडी राठ कातडी लागली, आणि बोटांच्या बेचक्यात ही वाळू.

"वन्सं, ही वाळू कुटनं आली?"

चुलीपुढे बसलेल्या शालनने लाकूड आत सारलं. "शेजारी बांधकाम न्हाई का चाललंय... खाटंवरनं पाय खाली सोडला आसंल तिनं."

"त्येंची वाळू काळी हाय. ही डोहाकडची हाय."

सविता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं शालनला वाटलं. सविताने हळद घातलेल्या पाण्याने लेकीचे पाय तीनदा धुतले, तिला कडेवर घेतलं आणि त्या घटकेपासून नणंदेशी एक अक्षरही बोलली नाही. लोणावळ्याच्या हॉटेलातली पाळी आटपून संदेश आला, त्याने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि गपगुमान ताट ओढून घेतलं. दोन बायकांच्या मधली जागा पुरुषांना फार लवकर कळते आणि तिथे ते कधी उभे राहत नाहीत!

शालन त्याची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला, ती माहेरी आली आणि भावाच्या संसारात मिठासारखी विरघळून गेली. पण सहा वर्षांपूर्वी गावच्या डोहात पिंकी बुडाली... भावाची पहिली लेक, चार वर्षांची! सविता तेव्हा सात महिन्यांची गरोदर. डोहाच्या घाटावर धुणं धुताना तिला भोवळ आली होती. शुद्धीवर आली तेव्हा सारा गाव गोळा झाला होता, आणि शालन ओल्या अंगाने, मोकळ्या केसांनी किंचाळत होती, "माज्याजवळ व्हती पोर! माज्या हातनं निसटली!" ते तिनेच सांगितलं. ते सगळ्यांनीच मानलं.

खरं काय होतं, ते शालन आणि तो डोह दोघांनाच ठाऊक. ती पोहोचली तेव्हा सविता दगडावर कलंडलेली होती आणि पाण्यावर पिवळी रिबीन तरंगत होती. पोटातलं लेकरू आणि ही आई, दोघांनाही जगवायचं, तर हे पातक तिसऱ्या कुणाच्या तरी माथ्यावर जायला हवं होतं. शालनने ते मुकाट उचललं, आणि मग सहा वर्षं अवघं गाव तिच्या वाऱ्यालाही उभं राहिलं नाही!

डोहाच्या काठावर साती आसरांचे, माणसाला पाण्यात ओढणाऱ्या त्या सात बहिणींचे, शेंदूर फासलेले सात दगड आहेत. पायल जन्मली, वर्ष झालं तरी बसेना, दोन वर्षं झाली तरी बोलेना. तेव्हा देवऋषी म्हणाला, की आसरांची नजर या पोरीवरही आहे, हिच्या पायाला गावची माती लागली तर त्या हिला ओळखतील. झालं! तेव्हापासून पायल एक तर खाटेवर, नाही तर कडेवर.

संक्रांतीनंतर सरकारी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून दोघी तिला लोणावळ्याला रूपाताईंकडे घेऊन गेल्या. वाढीत मागे राहिलेल्या मुलांना शिकवणाऱ्या या बाईंनी पायलला झोपाळ्यावर बसवलं आणि तासभर तिच्याशी नुसत्या खेळल्या. "झोक्यावर तिला तोल सापडेल," त्या म्हणाल्या, "शिडी चढून पायांत जोर येईल. वाळूत अनवाणी सोडा तिला. आणि दोघींनी आळीपाळीने झोका घ्यायचा, तुझा नंबर, माझा नंबर, असं म्हणत. शब्द त्यातूनच येतात. इतर मुलांच्या बरोबरीला येईल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण उचलून फिरवत राहिलात, तर आहे तेही जाईल."

सविताने मान डोलावली, आणि बाहेर येताच पोरीला पुन्हा कडेवर घेतलं.

गावात झोके होते. कुठल्याशा कंपनीने बसवलेले, घसरगुंडी, शिडी, वाळूचा चौकोन, सगळं होतं. पण मोकळी जागा मिळाली ती नेमकी डोहाच्या वरच्या अंगाला! सकाळ-संध्याकाळ पोरं तिथे दंगा घालत. भर दुपारी बाराला मात्र तिकडे चिटपाखरू फिरकत नसे, कारण ती आसरांची वेळ. शालनने तीच वेळ निवडली. सविता कामावर, संदेश हॉटेलात, आणि गावाच्या नजरेत तिचं आणखी काय वाईट व्हायचं राहिलं होतं?

अडीच महिने ती रोज जात होती, आणि परतल्यावर पोरीचे पाय घासून धुवत होती. पायल आधी झोक्याला घाबरून रडायची, मग हसू लागली, मग साखळी घट्ट धरू लागली. शिडीच्या दोन पायऱ्या चढायला तिला चाळीस दिवस लागले. एके दिवशी ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली, आणि शालनने पदर तोंडात कोंबून हुंदका गिळला.

पण दुसरं एक होतं, ते मात्र तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. पायलचा झोका सुरू झाला, की शेजारचा रिकामा झोकाही हलू लागायचा. चैत्राचं ऊन, झाडाचं पान हलत नसे, आणि तो झोका कुरकुरत मागेपुढे जायचा... आणि पायल त्याच्याकडे बघून हसायची! एकाच लोखंडी दांड्याला दोन्ही टांगलेत, एकाच्या धक्क्याने दुसरा हलणारच, असं शालन स्वतःला बजावायची. बजावून झालं तरी तिच्या अंगावरचा काटा काही जात नसे.

वाळू सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती जायलाच नको होती. पण ऊन डोक्यावर आलं तशी पायल खाटेवर पाय आपटू लागली, दाराकडे हात करू लागली. शालनला राहवेना.

आणि सविता कामावरून अर्ध्या दिवसात परतली.

तिने लांबून पाहिलं. डोहाचं पाणी तापल्या तव्यासारखं स्तब्ध, दोन झोके हलताहेत, एकावर आपली लेक, दुसऱ्यावर कुणीच नाही! ती धावत आली, पायलला झोक्यावरून ओरबाडून तिने छातीशी धरलं.

"एक घातलीत की पाण्यात! आता हिला बी देताय व्हय तेस्नी? काय वाकडं केलं म्या तुमचं, वन्सं?"

शालनच्या ओठांपर्यंत सगळं आलं. एका वाक्यात ती सुटली असती! पण समोरचा तो उन्हाने रापलेला, भेदरलेला चेहरा बघून तिने मान खाली घातली. "चुकलं माजं," ती म्हणाली. "आजच्या आज जाते मी. पर पोरीला खेळू दे सवे... तुज्या पाया पडते, तिला खाली सोड."

पायल आईच्या कडेवर तडफडत होती. तिने रिकाम्या झोक्याकडे हात केला आणि स्पष्ट, अगदी स्पष्ट म्हणाली, "पिंकी... तुजा नंबर."

सविता शालनकडे वळली.

"हे नाव... हे नाव तुमी शिकवलंत हिला?"

"सटवाईची आन. त्या दिसापासनं ते नाव माज्या तोंडात आलं न्हाई. तुज्या घरात तरी कोन काडतं का ते?"

कुणीच काढत नव्हतं. फोटोसुद्धा ट्रंकेच्या तळाशी होता. झोका कुरकुरत राहिला आणि सविता त्याच्याकडे बघत वाळूत मटकन खाली बसली.

"मला ठावं हाय, वन्सं..." तिचा आवाज कुठून तरी खोलातून आला. "पोर तुमच्याजवळ नव्हतीच. माज्या हातात तिचा हात व्हता. भोवळ आली तवा म्याच सोडला. तुमी वरडत व्हता तवाच मला समदं आठवलं व्हतं... आन मी गप बसले. सहा वर्सं तुमाला जळू दिलं म्या! गावासंगं म्या बी बोल लावला!"

"गप. याड लागलं का तुला?" शालन तिच्याजवळ सरकली. "तुजा हात सुटला न्हाई, तुजी शुद्ध सुटली व्हती. त्याला कुनाचा विलाज?"

"म्हनून हिला खाली सोडलं न्हाई मी कंदी... देवऋषी नुसता नावाला. एकदा हात सोडला आन एक गेली, वन्सं! हिला कशी सोडू?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, भर उन्हात, जिथे बायका सावलीलाही थांबत नाहीत त्या जागी. पायल मधे चेपली गेली होती. तिने दोघींना जोरात ढकललं, अडीच महिन्यांत कमावलेल्या ताकदीने.

सविताने डोळे पुसले. मग लेकीला उचललं आणि स्वतःच्या हाताने वाळूत उभं केलं. तिची बोटं मात्र फ्रॉकला घट्ट धरूनच होती.

"सोड," शालन हळूच म्हणाली.

"पडंल ती."

"पडंल. उठंल बी."

सविताने बोटं सोडली. पायलने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला ती तोंडावर आपटली. सविता उसळून उठणार, तोच तिने शालनचा हात गच्च पकडला, नखं रुतेपर्यंत, आणि ती जागची हलली नाही. पायलने तोंडातली वाळू थुंकली. हात टेकले, ढुंगण वर केलं, डगमगत उभी राहिली आणि त्या दुसऱ्या झोक्यापाशी जाऊन थांबली. झोका हळूहळू मंद होत थांबला, तरी ती लगेच बसली नाही. कुणाला तरी उतरायला वेळ द्यावा तशी क्षणभर उभी राहिली.

मग साखळीला हात घालून म्हणाली, "आता माजा."