भिंतीला आलेलं पोट

"टेकून बसू नकोस तिथे," शिहो म्हणाली. "भिंतीला पोट आलंय."

तेप्पेई टुणकन उठला. टेकडीवरच्या त्या किल्ल्याचं आता दगडी भिंती, एक विहीर, एक तळं आणि चेरीची झाडं एवढंच उरलं होतं. वसंताच्या सुट्टीत बारा वर्षांची शिहो, तिचा वर्गमित्र तेप्पेई आणि तिचा धाकटा भाऊ नाओ रोज इथेच असत.

"परवा सरळ होती," नाओ म्हणाला.

"परवा तू झाडाखाली घोरत होतास."

"सरळच होती, ताई. बघ ना, आतून माती गळतेय."

माती खरंच गळत होती. तिघं धावत जाऊन टेकडीखाली राहणाऱ्या कुरोइवा आजोबांना घेऊन आली. आजोबांचा जन्म अशा भिंती दुरुस्त करण्यात गेला होता. दगडांमधल्या भोकांत बोटं घालून ते बराच वेळ पाहत राहिले.

"इथले लहान दगड कुणीतरी उपसलेत. मोठे दगड त्यांच्याच जिवावर उभे असतात. पाचर गेली की धोंडा हलतो, मग पाणी शिरतं." ते वळले. "तुम्ही इथेच खेळता. कुणाला पाहिलंत का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्यावर भाकऱ्या काढायला चपटे दगड हवे होते, आणि भिंतीत ते हाताला सहज येत होते. सगळ्यांत जास्त शिहोनेच काढले होते.

"नाही," शिहो म्हणाली. "कुणालाच नाही." तिचे कान तापले.

भिंतीपुढे बांधायला दोर आणावा म्हणून आजोबा खाली गेले. तेवढ्यात वस्तीतली मंडळी चेरीच्या फुलांखाली जेवायला डबे घेऊन वर आली आणि त्यांनी नेमकी त्याच भिंतीखाली निळी ताडपत्री अंथरली.

"काका, इथे बसू नका, भिंत पडेल," तेप्पेई म्हणाला.

वस्तीचे प्रमुख हिरानुमा हसले. "चारशे वर्षं पडली नाही, ती आमचं जेवण होईपर्यंत थांबेल."

शिहोने क्षणभर विचार केला. "बरं. पण पेपरचा फोटोग्राफर तिकडे विहिरीपाशी आलाय. फुलांखाली बसलेल्या मंडळींचा फोटो हवाय म्हणे."

हिरानुमांनी केस सारखे केले. "आधी नाही का सांगायचं! चला, चला सगळे."

मंडळी विहिरीपाशी पोचून फोटोग्राफरला शोधत होती, तेव्हा मागे धडधड आवाज झाला. ताडपत्रीवर, डब्यांवर धोंडेच धोंडे पडले होते.

मग कौतुक सुरू झालं. कुणी शिहोच्या पाठीवर थोपटलं, कुणी पिशवीत उरलेला भाताचा गोळा नाओच्या हातात ठेवला. "या पोरांनी आम्हाला वाचवलं," धापा टाकत परतलेल्या कुरोइवा आजोबांना हिरानुमा सांगत होते. शिहोला ते ऐकवेना. ती आजोबांसमोर जाऊन कमरेत वाकली.

"मी खोटं बोलले. ते दगड आम्हीच काढले. तळ्यात फेकायला."

"मीपण," तेप्पेई पुटपुटला. नाओने गोळा हळूच पिशवीत परत ठेवला.

हिरानुमा पुढे आले. "कुरोइवांनी जानेवारीतच भिंत तपासून घ्यायला सांगितलं होतं. मीच म्हटलं, फुलांचा मोसम होऊ दे." त्यांचीही मान खाली गेली.

आजोबांनी शिहोला सरळ उभं केलं. "मघाशी शाबासकी देणार नव्हतो. आता खरं बोललीस, म्हणून देतो. उद्या सकाळी रबरी बूट घालून या. तळ्यातले दगड शोधायचेत."

"हो," तिघं म्हणाली. टेकडी उतरताना नाओने ताईचा हात धरला. शिहोने तो घट्ट धरून ठेवला, पण घर येईपर्यंत तिला मान वर करवली नाही.